मसाल्याचा धंदा नावावर कर

अगं, तुझी चटणी आणि बिर्याणी मसाला चांगला आहे, त्यात शंका नाही. पण धंदा तुझ्या नावावर आहे का? आधी ते बघ. स्वतःचं आधार, पॅन आणि स्वतःचं बँक खातं. नवऱ्याच्या किंवा भावाच्या खात्यात पैसे जमा होत राहिले तर बँकेला तुझी उलाढाल दिसतच नाही. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान धंद्याची सरकारी नोंद, फुकट असते, त्यासाठी एजंटाला पैसे देऊ नकोस. खाण्याचा माल आहे, तेव्हा अन्न परवान्याची छोटी नोंदणीही कर, वर्षाला 100 रुपये फी.

मग जिल्हा उद्योग केंद्रात जा आणि पीएमईजीपीची चौकशी कर, म्हणजे नव्या धंद्यासाठी बँकेचं कर्ज आणि त्यावर सरकारी अनुदान देणारी केंद्राची योजना. महिला आणि अल्पसंख्याक दोघांनाही विशेष गटात धरतात: प्रकल्पाच्या खर्चाच्या शहरात 25 टक्के, ग्रामीण भागात 35 टक्के अनुदान, स्वतःचे 5 टक्के. मात्र ते अनुदान हातात पडत नाही गं, बँकेत तीन वर्षं ठेव म्हणून अडकून राहतं. तोवर हप्ते तुलाच भरायचे. त्यामुळे मसाला कुटायचं डंकाचं मशीन घेण्याआधी महिन्याला किती किलो खपतं ते वहीत मांड, आणि रमजानचा खप वेगळा लिही. तो महिना धरून हिशेब केलास तर फसशील.

व्याज नको वाटत असेल तर तो तुझा निर्णय. मग भिशीवर लहान सुरुवात कर. पण उधारी? मावशी असो की नणंद, ती पण वहीतच.