वही तुझ्याकडंच राहिलीय ना, ती घेऊन जा

आधी पत्र. थोडं कापलंय, कारण मूळ पत्र सहा मेसेज भरून होतं आणि त्यातले दोन नुसते रागानं लाल झालेल्या तोंडाचे इमोजी.

"आक्का, नमस्कार. मी शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत हाय. आम्ही तिघं शाळेपासूनचे दोस्त. दर शनिवारी रात्री माझ्या खोलीवर, कोल्हापुरात राजारामपुरीत, 'लॉस्ट' बघतो, दोन-दोन भाग, सव्वा वर्ष झालं. एकाची मार्केट यार्डात गुळाची अडत हाय, तो प्रत्येक भागानंतर वहीत प्रश्न लिहून ठेवायचा. तीन आठवड्यांमागं शेवटच्या सीझनमधला 'अक्रॉस द सी' बघितला. मला आवडला. तो भाग संपल्या संपल्या उठला, म्हणाला फसवलं, सव्वा वर्ष पाण्यात. मग वाजलं. तो म्हणाला तू त्यांचा पगारी वकील हैस काय, मी पण बोललो की खाली सबटायटल वाचत बघणाऱ्याला त्यातलं काय कळणार, वगैरे वगैरे. तो वही तिथंच टाकून गेला, ग्रुप पण सोडला. तिसरा म्हणतोय तुमचं तुम्ही मिटवा. आक्का, एका सिरियलवरनं कोण असं करतं का? आणि भाग चांगला का वाईट ते तुम्हीच सांगा, तुमचं तो ऐकेल. उरलेले तीन भाग मी एकटाच बघून टाकू का?"

बाळा, शेवटचं आधी सांगते. एकट्यानं बघायचे नाहीत. का ते खाली येतंय.

बाकीच्या वाचकांसाठी एवढंच, की सिडनीहून लॉस एंजेलिसला निघालेलं विमान एका बेटावर पडतं आणि वाचलेल्या माणसांमागं तिथं काळा धूर, पांढरी अस्वलं, जंगलातली कुजबुज असलं काय काय लागतं, अशी ती मालिका, २००४ ते २०१०, सहा सीझन. 'अक्रॉस द सी' लागला ११ मे २०१० ला, शेवटाच्या बारा दिवस आधी. ज्यांना बघायचीय त्यांनी इथंच थांबा, पुढं मी बरंच फोडणार आहे. शेवट तेवढा फोडणार नाही, कारण ह्या पोराचाच बघायचा राहिलाय.

आता तू मला पंच केलंयस तर ऐक. मी तो भाग तेव्हाच बघितला होता, भाच्यानं डीव्हीडी आणून दिलेल्या, आणि बघून इतकं डोकं फिरवून घेतलं की गॅसवर दूध ठेवलंय हेच विसरले. मग चार-पाच वर्षांनी परत बघितला तर तेवढा राग नाही आला. म्हणजे तुझा पंच मुळात दोन्हीकडचा निघाला.

दोस्ताची बाजू आधी घेते, कारण तू पत्रात ती एका ओळीत उरकलीयस. आदल्या भागात काय झालं आठव. पाणबुडीत बाँब, सईद गेला, सन आणि जिन, ते कोरियन नवरा-बायको, हातात हात धरून बुडाले. माणसाचा जीव घशाशी आलेला असतो, पुढं काय म्हणून बसतो, आणि पुढच्या भागात ह्यातलं कुणीच नाही! थेट लॅटिन बोलणाऱ्या लोकांच्या काळात नेऊन सोडलं. एक गरोदर बाई किनाऱ्याला लागते, जुळी होतात, तिनं नाव एकच ठरवलेलं म्हणून थोरला जेकब आणि धाकट्याला नावच नाही, मग दुसरी बाई तिला दगडानं ठेचते आणि पोरं आपली म्हणून वाढवते. बरं, हे पण चाललं असतं. पण सहा सीझन ज्या बेटाच्या गुपितासाठी आपण जागलो ते काय, तर एक गुहा आणि आत पिवळाधमक उजेड. उजेड कसला? तर उजेड. वर ती दुसरी बाई सुरुवातीलाच सांगून टाकते की एका प्रश्नाचं उत्तर दिलं तर त्यातनं दुसराच प्रश्न निघणार. अरे, रोज सकाळी सौद्याला उभा राहणारा माणूस तो, गुळाचा एकेक रवा, म्हणजे ढेप, हातानं दाबून, रंग बघून, भाव ठरणारा धंदा त्याचा, त्याला तू असलं ऐकवणार आणि तो गप बसणार होय? बाकी मागायला गेलं आणि समोरच्यानं तत्त्वज्ञान सांगितलं, असं झालं ते. आणि ह्यात त्याचा एक मुद्दा तर बिनतोड आहे, म्हणजे त्यानं काढला असेल-नसेल, मी काढते. २००७ च्या मे महिन्यातच चॅनेलनं जाहीर केलं होतं की अजून तीन सीझन, ४८ भाग, २०१० ला दुकान बंद. मधे लेखकांचा संप झाला, एक सीझन आखूड पडला ते वेगळं, पण तारीख तीन वर्षं आधी हातात होती. मग लग्नाची तारीख ठरलेली असताना आदल्या दिवशी आचारी शोधत फिरल्यासारखं हे का केलं?

आणि ते सांगाडे! पहिल्याच सीझनमध्ये गुहेत दोन सांगाडे सापडतात, पिशवीत एक काळा, एक पांढरा खडा, आणि जॅक, त्या विमानातला डॉक्टर, कपडे बघून सांगतो की असे व्हायला ४०-५० वर्षं लागतात. आता कळतंय की ते पोरं वाढवणाऱ्या त्या बाईचे आणि त्या बिननावाच्या भावाचे. ४०-५० वर्षं कुठं आणि लॅटिनचा काळ कुठं. तू म्हणशील जॅक मणक्याचा डॉक्टर, तो काय पुरातत्त्व खात्यात होता का. मान्य. माझा राग त्यावर नाहीच. माझा राग असा की जेकब त्या दोघांना शेजारी ठेवतो तेव्हा मधेच पहिल्या सीझनचे तुकडे घातलेत, जॅक, केट, लॉक सगळे, म्हणजे बघणाऱ्याला आठवणार नाही म्हणून बोट धरून दाखवायचं. ज्या माणसानं सगळं वहीत लिहून ठेवलंय त्याला हे दाखवणं म्हणजे अपमानच की.

तुझी बाजू पण आहे, नाही असं नाही. जेकब रागाच्या भरात भावाला त्या उजेडात ढकलतो आणि तिथनं काळा धूर बाहेर पडतो. म्हणजे इतके सीझन ज्याला आपण राक्षस म्हणत आलो तो कुणाचा तरी घरी जायला निघालेला भाऊ, आणि जेकब, ज्याला सगळे देव समजून पुजतात, तो आईचा आवडता व्हायला धडपडणारा एक घाबरट पोरगा. हे मला आजही आवडतं. हा भाग तिसऱ्या-चौथ्या सीझनला दाखवला असता तर तुम्ही दोघं त्याच्यावर भांडलाच नसता असं माझं मत. वस्तू बरी होती, आणली भलत्या वेळेला.

झाला निकाल. बरोबरीत सोडवली. पण बाळा, तो ह्या निकालासाठी गेलेला नाही.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. भागावर पंधरा ओळी, त्याच्या रागावर दहा, आणि मधेच "वगैरे वगैरे" च्या शेजारी तू एक वाक्य दडवलंयस. खाली सबटायटल वाचत बघणाऱ्याला काय कळणार. तुम्ही शाळेपासूनचे दोस्त ना? मग त्याचं इंग्लिश कुठं अडतं, कॉलेजला का राहिलं, अडतीवर का बसावं लागलं, हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार. "पगारी वकील" ही शिवी नव्हं रे, शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि खंडोबा तालमींची फुटबॉल मॅच असली की गॅलरीत याच्या दहापट बोलतात आणि सुटल्यावर त्याच गाडीवर शेजारी उभं राहून वडा खातात. तुझं वाक्य त्यातलं नाही. ते बरोब्बर जागा बघून मारलेलं आहे.

बरं, मुद्दा म्हणून तरी ते खरं आहे का? 'अक्रॉस द सी' ची सुरुवात आठव. ती गरोदर बाई आणि तिला मारणारी बाई लॅटिनमध्ये बोलतात, मग हळूच इंग्लिश सुरू होतं. तेवढा वेळ अमेरिकेत सोफ्यावर बसलेला माणूसही खाली वाचतच होता की. आणि सन-जिन? पहिल्या सीझनपासून दोघांचं अर्धं आयुष्य कोरियन भाषेत, त्यांची भांडणं कोरियनमध्ये, रुसवे कोरियनमध्ये. सगळ्या जगानं ती दोघं खाली वाचून वाचून आपली केली. पाणबुडीच्या भागाला तुझ्या खोलीत कोण रडलं, खरं सांग? माझा अंदाज आहे, पण असू दे. रडला असेल तर तो कोरियन येत होतं म्हणून रडला नाही.

उलट मला विचारशील तर सबटायटल वाचणाऱ्याचं लक्ष जास्त असतं. तू एका डोळ्यानं मोबाईल बघत बसू शकतोस, त्याला नजर हलवता येत नाही. म्हणून तर वही त्याची झाली, तुझी नाही.

ती वही उघडून बघितलीस का तीन आठवड्यांत? नसशील तर आज बघ. मला खात्री आहे त्यात बऱ्याच ठिकाणी टिक असणार. कुजबुज कसली, ह्याच सीझनमध्ये कळलं, टिक. ते सारखे दिसणारे आकडे कुठले, गुहेत नावांपुढं लिहिलेले दिसले, अर्धी टिक. चार बोटांचा पुतळा. अस्वलं. आणि शेवटच्या पानावर ह्या भागाचे प्रश्न त्यानं लिहिलेत का कोरं सोडलंय, ते बघ. लिहिले असतील तर काम सोपं आहे, गडी अजून आत आहे. कोरं असेल तर जरा जास्त वेळ लागेल. त्या बाईनं एकटीनं अख्खं गाव मारलं, घरं जाळली आणि विहीर बुजवली ती कशी, हा प्रश्न तरी त्यानं लिहिलाच पाहिजे, मला पण अजून सुटलेला नाही.

तर करायचं असं. व्हॉट्सअपवर सॉरी टाकायचं नाही. तो ग्रुपमध्ये नाहीच, आणि तसलं सॉरी बघून निळी टिक करून सोडून देता येतं. सौदे आटपल्यावर दुपारी मार्केट यार्डात जायचं, वही घेऊन. दुकानात चारचौघं असतील तर तिथं बोलायचं नाही, नुसती वही द्यायची आणि म्हणायचं, रात्री गंगावेशीत दूध कट्ट्यावर ये. तिथं म्हशी उभ्या असतात, पेल्यात फेस असतो, माणसाला सारखं तोंडाकडं बघत बसावं लागत नाही, असल्या बोलण्याला ती जागा बरी. आणि बोलायचं ते त्या एका वाक्याबद्दल. भागाबद्दल अवाक्षर काढायचं नाही. "मी सबटायटलवरनं बोललो ते चुकलं", एवढंच, त्याच्यापुढं "पण" लावायचा नाही. "पण तू पण मला वकील म्हणालास" हे तुझ्या जिभेवर येणार, येऊ दे, दुधाबरोबर गिळ. तो एकदम नीट बोलणार नाही. "असू दे रे" म्हणेल आणि उसाचे भाव काढेल. काढू दे. तू पण उसाचंच बोल.

एकट्यानं का नाही बघायचे ते आता कळलं असेल. तू बघून बसलास तर पुढच्या वेळी तो भेटला की तुला सगळं माहीत, त्याला नाही, परत तेच वर-खाली. आणि नेटवर कुठं शोधत बसू नको, तिथं लोकांनी शेवट लिहून ठेवलाय. तीन राहिलेत, शेवटचे दोन एका दमात बघायचे असतात, त्यामुळं शनिवारी जेवण लवकर उरका. त्या तिसऱ्याला भेळ आणायला आधीच पाठवा, नंतर तो उठणार नाही.

आणि संपल्यावर नावं वर सरकताना मागं किनाऱ्यावरचं काही दिसलं, तर त्याच्यावरनं लगेच अर्थ काढून परत भांडू नका. ते गोष्टीचा भाग नाही, चॅनेलच्या सोयीसाठी टाकलेलं आहे. त्याच्यावरनं तेव्हा अख्ख्या अमेरिकेत गोंधळ झाला होता. जास्त विचारू नको, तोंडातनं निघून जाईल माझ्या.

तुझी,
आक्का