यूकॉनचा मुख्य खेळाडू कोण? सरासरी गुणांवरून ठरवू नका

वाद थोडक्यात असा आहे. यूकॉनच्या (अमेरिकेतल्या कनेक्टिकट विद्यापीठाच्या) २०२३-२४च्या पुरुष बास्केटबॉल संघात सुरुवातीच्या पाचही जणांची सामन्यामागे गुणांची सरासरी दोन आकडी होती, मग त्यातला मुख्य कोणाला म्हणायचं? आणि पुढच्या वर्षीही गुण असेच वाटले गेलेले दिसत असताना संघ एनसीएएच्या, म्हणजे कॉलेजांच्या राष्ट्रीय बाद-स्पर्धेच्या, दुसऱ्याच फेरीत कसा गारद झाला? एका गटाचं म्हणणं, मोठा स्टार नसला की अडीनडीला कोणी वाली उरत नाही. दुसऱ्याचं म्हणणं, पाच जणांनी मिळून केलेले गुण कधीही भरवशाचे. दोघंही पुरावा म्हणून सरासरी गुणच पुढे करतायत. घोळ तिथेच आहे.

२०२३-२४चे आकडे: ट्रिस्टन न्यूटन १५.१, कॅम स्पेन्सर १४.३, अ‍ॅलेक्स काराबान १३.३, डॉनोवन क्लिंगन १३.०, स्टेफॉन कॅसल ११.१. एकूण ३७ विजय, ३ पराभव, विजेतेपद. आता २०२४-२५: लियाम मॅकनीली १४.५, सोलो बॉल १४.४, काराबान १४.३. तिघांत ०.२चा फरक, याहून समतोल काय असणार! पण हिशेब २४ विजय, ११ पराभव असा झाला आणि फ्लोरिडाने ७७-७५ असं घरी पाठवलं. दोन्ही वर्षी प्रशिक्षक डॅन हर्लीच, आणि डावपेचांची वहीही बरीचशी तीच. म्हणजे गुण कसे वाटले गेले यापेक्षा ते कसे मिळाले, हे बघावं लागेल.

त्यासाठी काराबानचा धडा सगळ्यात सोपा आहे, कारण तो दोन्ही संघांत होता. त्याची सरासरी १३.३ वरून १४.३ झाली. नुसता हा आकडा पाहणारा म्हणेल, पोरगं सुधारलं. पण त्याची मैदानी फटक्यांची (खेळ चालू असताना बास्केटवर मारलेल्या फटक्यांची) टक्केवारी घसरली आणि थ्रीची, म्हणजे लांबून मारलेल्या तीन गुणांच्या फटक्यांचीही घसरली. पहिल्या वर्षी स्पेन्सर सतत पळत, स्क्रीनभोवती (बचावपटूची वाट अडवून उभ्या राहिलेल्या साथीदाराभोवती) वळत असायचा. थ्रीमध्ये ४४ टक्के असलेल्या माणसाला सोडून मदतीला जायची छाती कुठल्याच बचावपटूला होत नव्हती. दुसरीकडे क्लिंगन रिमकडे (बास्केटच्या कड्याकडे) झेपावला की त्याच्यासाठी आणखी एक माणूस आत ओढला जायचा. मधल्या फटीत काराबान पाय रोवून मोकळा उभा असायचा. न्यूटन, स्पेन्सर, कॅसल आणि क्लिंगन एकदम गेल्यावर तोच काराबान प्रतिस्पर्ध्यांच्या योजनेत पहिल्या दोन-तीन नावांत आला. फटके वाढले, पण ते हात अंगावर असताना घेतलेले.

आता हे स्वतः तपासायचं कसं. बॉक्स स्कोअर (सामन्याच्या आकड्यांचा तक्ता) उघडा आणि प्रत्येक खेळाडूसाठी एक बेरीज करा: मारलेले सगळे मैदानी फटके (पडलेले आणि हुकलेले), अधिक फाउलमुळे मिळालेल्या फ्री थ्रोच्या ०.४७५ पट, अधिक टर्नओव्हर (फटका न मारताच गमावलेले चेंडू). ०.४७५ अशासाठी की दोन फ्री थ्रो म्हणजे साधारण एक पझेशन (चेंडू हाती असतानाची एक पाळी), पण बास्केट होऊन वर मिळालेला एक थ्रो किंवा टेक्निकल फाउलचे थ्रो वेगळी पझेशन खात नाहीत. ही बेरीज खेळाडू मैदानात असतानाच्या संघाच्या त्याच बेरजेशी ताडून पाहा. पाच जणांत समान वाटणी झाली तर प्रत्येकाचा वाटा २० टक्के. २८-३० टक्क्यांच्या वर गेला तर संघ त्याच्यावर टेकलेला आहे. १५च्या खाली असेल तर तो दुसऱ्यांनी तयार केलेल्या संधींवर जगतो. (यात कमीपणा काही नाही.)

दुसरी बेरीज टर्नओव्हर वगळून करा आणि गुणांना तिने भागा. १.०५ ते १.१ हा साधारण दर. १च्या खाली असेल तर तो खेळाडू १८ गुण करूनही संघाला मागे ओढत असू शकतो. वाटा वाढला तरी दर टिकला, तर तो खरा मुख्य खेळाडू. वाटा वाढताच दर पडला, तर तो चांगला साथीदार आहे आणि त्याच्यावर नको ते ओझं टाकलंय.

हेच २०२४च्या अंतिम लढतीला लावा. ८ एप्रिल, ग्लेनडेल, अ‍ॅरिझोना. यूकॉन ७५, परड्यू ६०. परड्यूच्या झॅक ईडीने २५ पैकी १५ फटके आणि १० पैकी ७ फ्री थ्रो घातले, एकूण ३७ गुण. २५ अधिक ४.७५ म्हणजे २९.७५; ३७ला त्याने भागलं की १.२४. सात फूट चार इंचांचा माणूस विजेतेपदाच्या सामन्यात एवढा वाटा उचलून १.२४चा दर ठेवतो, त्याला दोष द्यायला जागाच नाही. तरी संघ पंधराने हरला, कारण बाकी सगळ्यांचे मिळून २३.

ते २३ योगायोगाने झाले नव्हते. हंगामभर बहुतेक संघ ईडीच्या हातात चेंडू गेला की गार्ड (बाहेरच्या बाजूने खेळणारे) आत पाठवायचे. ईडी वरून शांतपणे बघायचा, बाहेर पास द्यायचा आणि थ्री. परड्यू थ्रीमध्ये सुमारे ४० टक्के होता, म्हणजे अशा प्रत्येक फटक्याची किंमत १.२ गुण. ईडीचा साठ टक्क्यांनी पडणारा दोनाचा फटकाही १.२चाच. कागदावर सारखंच. पण ईडीचे गुण हळू येतात: पोस्टवर (बास्केटजवळ) जागा धरा, पास आत घाला, धक्के द्या, तोवर फटका मारण्यासाठीच्या ३० सेकंदांच्या शॉट क्लॉकपैकी अर्धा सरतो, शिवाय तो दमतो. बाहेरचे थ्री एकदा लागले की लागोपाठ तीन-चार पडतात आणि सामना हातातून जातो. म्हणून हर्लीने ठरवलं की ईडीला क्लिंगनने एकट्याने झेलायचं, तो बसला की सॅमसन जॉन्सनने, आणि गार्डांनी आपला माणूस सोडायचाच नाही. परड्यूचा गार्ड ब्रेडन स्मिथ ईडीच्या स्क्रीनवरून आला की त्याचा बचावपटू स्क्रीनच्या वरून, पाठीला चिकटून यायचा. त्यामुळे थ्री बंद, आणि स्मिथला मधल्या अंतरावरचा अवघड फटका घ्यावा लागायचा. परड्यूने सबंध सामन्यात फक्त सात थ्री मारले, पडला एक. एरवी त्यांचे आठएक पडायचे. म्हणजे एकवीस गुणांचा खड्डा, आणि हरले पंधराने. हा हिशेब ढोबळ आहे हे मान्य, कारण न मारलेल्या थ्रीच्या जागी दोनाचे फटके गेलेच की. पण खेळ कुठे फिरला ते त्यातून कळतं.

या योजनेत एक धोका होता. कॉलेजमध्ये पाच फाउलला खेळाडू बाहेर जातो. ईडीसमोर क्लिंगन लवकर तीन फाउल करून बसला असता तर सगळंच कोसळलं असतं. जॉन्सनसारखा दुसरा सेंटर (बास्केटजवळ खेळणारा उंच खेळाडू) संघात असणं हाही समतोलच, फक्त तो गुणांत दिसत नाही.

दुसऱ्या बाजूला यूकॉनचे गुण बघा. न्यूटन २०, कॅसल १५, स्पेन्सर ११, क्लिंगन ११. काराबानला फक्त ५ मिळाले आणि कोणाच्या लक्षातही आलं नाही. त्याआधी अलाबामाविरुद्ध कॅसलने सर्वाधिक २१ केले, त्याच्या आधी इलिनॉयविरुद्ध क्लिंगनने २२. प्रतिस्पर्धी कुठलं दार उघडं ठेवतो ते पाहून माणूस बदलत होता. कॅसलचा थ्री २७ टक्क्यांच्या आसपास, म्हणून त्याला मोकळं सोडायचा मोह व्हायचा. पण मिळालेल्या जागेत तो वेग घेऊन थेट रिमवर यायचा.

मग मुख्य कोण? आक्रमणात न्यूटन, यात फार वाद नको. सामन्यामागे ६.२ असिस्ट (गुण मिळवून देणारे पास), ऑल-अमेरिकन (हंगामातल्या सर्वोत्तमांच्या) पहिल्या संघात निवड, शेवटच्या चार संघांच्या फेरीतला सर्वोत्तम खेळाडूही तोच. पण एकच नाव घ्या म्हटलं तर मी क्लिंगनचं घेईन, सरासरीत तो चौथा असला तरी. १३ गुण त्याने अवघ्या बाविसेक मिनिटांत केलेत. इलिनॉयविरुद्ध २३-२३ वरून यूकॉनने सलग ३० गुण केले, त्या सामन्यात क्लिंगनने आव्हान दिलेल्या १९ फटक्यांपैकी एकही पडला नाही. विरुद्ध बाजू म्हणेल, डिसेंबरात सीटन हॉलविरुद्ध त्याला दुखापत झाली, त्यानंतरचे पाचही सामने यूकॉनने त्याच्याशिवाय जिंकले. बरोबर आहे. पण सेंट जॉन्सवर चारने, झेवियरवर पाचने, असे घाम काढून. आणि एनसीएए स्पर्धेत तो असताना सहा सामने एकूण १४० गुणांच्या फरकाने जिंकले, एकही चौदापेक्षा कमी फरकाने नाही.

स्टार नकोच, असा अर्थ मात्र काढू नका. त्याच शनिवार-रविवार-सोमवारात महिलांचा अंतिम सामना झाला. आयोवाच्या केटलिन क्लार्कने पहिल्या क्वार्टरमध्येच १८ गुण केले, पुढच्या तीनमध्ये मिळून १२. २८ पैकी १० फटके पडले. साउथ कॅरोलायना ८७-७५ने जिंकली, बेंचचे (बदली खेळाडूंचे) गुण ३७ विरुद्ध ०. पण क्लार्क नसती तर आयोवा तिथवर पोचलीच नसती. उलट उदाहरण २०२५चं फ्लोरिडा. वॉल्टर क्लेटन ज्युनियरने उपांत्य सामन्यात ऑबर्नविरुद्ध ३४ केले, अंतिम सामन्यात ह्यूस्टनविरुद्ध पहिल्या हाफमध्ये शून्य. विल रिचर्डने १८ करून संघ तगवला, क्लेटनने उरलेल्या वेळात ११ केले आणि फ्लोरिडा ६५-६३ने जिंकलं. स्टारचा दिवस वाईट असताना संघ किती गुण करतो, हा आकडा प्रत्येक संघासाठी वेगळा काढून ठेवा. मुख्य खेळाडूचे सर्वांत वाईट पाच सामने निवडा आणि त्यात बाकीच्यांचा दर पाहा. दहा मिनिटांचं काम आहे.

हे करताना दोन ठिकाणी हमखास चूक होते. नोव्हेंबर-डिसेंबरात मोठे संघ पैसे देऊन दुबळ्या संघांना घरी बोलावतात. त्यात बारावा खेळाडूही दहा गुण करतो आणि समतोल फुगतो. ते सामने काढा, कॉन्फरन्सचे (आपल्या गटातल्या संघांशी होणारे) आणि एनसीएए स्पर्धेचेच धरा. दुसरी चूक थ्रीच्या टक्केवारीची: चार सामन्यांत २० पैकी १० पडले म्हणून कोणी ५० टक्क्यांचा नेमबाज होत नाही. निदान शंभरेक फटके होऊ द्या, आणि तोवर फ्री थ्रोची टक्केवारी बघा. हात कसा आहे ते ती लवकर सांगते.