आतड्याचा कॅन्सर यकृतात गेला, तो केआरएएस म्युटेशनमुळेच का?

काकांचं मोठ्या आतड्याचं ऑपरेशन झालं, दीड वर्षानं यकृतात दोन गाठी निघाल्या आणि आता रिपोर्टवर 'केआरएएस म्युटेशन आढळलं' (म्हणजे गाठीतल्या पेशींत केआरएएस हे जनुक बिघडलेलं आहे) असं आलंय. यानंच कॅन्सर पसरला का, आणि हे पहिल्या वेळीच का नाही कळलं, असं तुम्ही विचारलंय. मी इंदूरमध्ये एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. उपचार माझं क्षेत्र नाही, पण हे रिपोर्ट रोजचे आहेत.

यानंच पसरला असं म्हणता येत नाही. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये 'पसरवणारं' असं एकच जनुक आजवर हाती लागलेलं नाही. मूळ गाठ आणि यकृतातली गाठ यांचा डीएनए शेजारी शेजारी ठेवून वाचला, तर मुख्य म्युटेशनं बहुतेक वेळा तीच निघतात. म्हणजे काकांचं केआरएएस बहुधा पहिल्या गाठीतही होतंच. तेव्हा तपासलं नाही, कारण कॅन्सर पसरलेला नसताना त्यावरून औषध ठरत नाही. हलगर्जीपणा समजू नका.

फिअरन आणि व्होगेलस्टाइन या संशोधकांनी 1990 साली या आजाराची जी साखळी मांडली, ती ढोबळमानानं आजही टिकून आहे. आधी एपीसी जनुक बिघडतं (साधारण 80 टक्के रुग्णांत), त्यामुळे 'विंट' नावाचा वाढीचा संदेश बंदच होत नाही आणि पॉलिप (आतड्याच्या अस्तरावरचा छोटा उंचवटा) तयार होतो. मग केआरएएस, जे चाळीसेक टक्के रुग्णांत बिघडलेलं असतं. पुढे टीपी53, एसएमएडी4 ही जनुकं. यात बरीच वर्षं जातात. पण ही सगळी गाठ घडण्याची गोष्ट झाली. तिथून निघून दुसरीकडे बस्तान बसवणं हे वेगळं काम आहे, आणि ते नव्या म्युटेशनपेक्षा पेशीच्या बदललेल्या वागणुकीवर जास्त चालतं.

आतड्याच्या अस्तरातल्या पेशी ई-कॅडहेरिन या प्रथिनानं एकमेकींना धरून असतात. पसरणारी पेशी ते कमी करते, सुटी होते, सरकायला लागते. तिला यात टीजीएफ-बीटा या संदेशाची मदत होते, आणि मला सगळ्यात विलक्षण वाटतो तो हाच भाग. निरोगी पेशीला टीजीएफ-बीटा 'वाढ थांबव' म्हणून सांगतो. एसएमएडी4 गमावलेली कॅन्सरपेशी ते ऐकत नाही. आजूबाजूच्या तंतुमय पेशी मात्र त्याच संदेशानं जाग्या होतात आणि गाठीला आधार पुरवतात. 2015 मध्ये या कॅन्सरचे जनुकांच्या कामकाजावरून चार गट पाडले गेले. त्यात टीजीएफ-बीटाचा जोर असलेल्या चौथ्या गटाचे परिणाम सगळ्यात वाईट होते. बर्लिनच्या संशोधकांनी 2009 मध्ये दाखवलेलं एमएसीसी1 हे जनुकही असंच. ते बिघडलेलं नसतं, फक्त जास्त चालू असतं, आणि 'मेट' या रिसेप्टरला (वाढीचा संदेश पकडणाऱ्या पेशीवरच्या प्रथिनाला) बळ देतं. नेहमीच्या म्युटेशन रिपोर्टवर यातलं काही उमटत नाही.

यकृतच का? आतड्याचं रक्त पोर्टल शिरेतून आधी तिथेच जातं. गुदाशयाच्या खालच्या भागाचं रक्त ही वाट टाळून जातं, म्हणून तिथला कॅन्सर थेट फुप्फुसातही पोचू शकतो. अर्थात रक्तात उतरलेल्या बहुतेक पेशी मरूनच जातात. स्टीफन पॅजेट या इंग्लिश सर्जननं 1889 मध्ये म्हटलं होतं तसं, बीज कुठेही पडलं तरी जमीन मानवावी लागते.

आपल्याकडे 'चाकू लागला की कॅन्सर खवळतो' असं म्हणणारं कुणीतरी घरात असतंच. काकांना तसं कुणी ऐकवलं असेल तर हे सांगा: 2019 च्या एका जनुकीय अभ्यासात, पुढे पसरलेल्या आजाराच्या बऱ्याच रुग्णांत मूळ गाठ सापडण्याच्या आधीच पेशी बाहेर पडल्याच्या खुणा मिळाल्या.

रिपोर्टचा खरा उपयोग औषध निवडायला. केआरएएस बिघडलेलं असेल तर सेटुक्सिमॅब आणि पॅनिट्युमुमॅब ही औषधं सहसा चालत नाहीत. बेव्हासिझुमॅब या दुसऱ्या औषधाला ती अडचण नाही. बीआरएएफ (आणखी एक जनुक) आणि एमएसआय (पेशीत डीएनएच्या चुका दुरुस्त होत नसल्याची खूण) यांचे निकाल आलेत का, तेही विचारा. एमएसआय जास्त निघणारे रुग्ण या टप्प्यावर थोडेच, पण त्यांना इम्युनोथेरपीचा (शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढायला लावणाऱ्या उपचाराचा) चांगला फायदा होतो. आणि दोनच गाठी असतील तर यकृताच्या सर्जनचं मत घेतल्याशिवाय राहू नका. त्या काढता आल्या तर काही जण पूर्ण बरे होतात.

गाठीतलं केआरएएस मुलांकडे जात नाही. एमएसआय जास्त आलं तर मात्र लिंच सिंड्रोमची चौकशी करावी लागेल, कारण कॅन्सरचा धोका वाढवणारा हा दोष आनुवंशिक असतो.

आणखी एक. इथले बरेच जण फाइल घेऊन मुंबईला टाटाला जातात, पण गाठीचा पॅराफिन ब्लॉक (मेणात जपलेला गाठीचा तुकडा) इथेच राहतो आणि सगळं अडतं. निघण्याआधी लॅबमधून ब्लॉक आणि स्लाइड दोन्ही मागून घ्या. उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नका, मेण वितळतं.