गाडी २ लाख १० हजार किमी पळालीय, पेट्रोल, सकाळी मिसिंग मारते (इंजिन अडखळतं), कूलंट कमी होतं पण खाली थेंब नाही. काय असेल?

बहुतेक हेड गॅस्केट (इंजिन ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधलं सील) गेलंय. सकाळीच मिसिंग का, तर रात्री गाडी बंद असताना सिस्टीममधलं प्रेशर कूलंट थोडं थोडं सिलेंडरमध्ये ढकलतं, स्टार्ट केल्यावर तो सिलेंडर दोन-चार मिनिटं नीट पेटत नाही, मग सगळं जळून पांढरा धूर निघून जातो आणि गाडी शहाण्यासारखी चालायला लागते. होटगी रोडला गॅरेजवर काम करतो, जास्त पळालेल्या गाड्यांत हे नेहमी बघतो, त्यात आपल्या सोलापुरात मे महिन्यात ४३-४४ डिग्री, एकदा टेम्परेचरचा काटा वर गेला की हेड वाकू शकतं.

कॉइल, इंजेक्टर बदलत बसू नका, पैसे जातील. आधी हे बघा:
- चारही प्लग काढा. तीन तपकिरी आणि एकच धुतल्यासारखा स्वच्छ असेल तर चोर तोच.
- इंजिन थंड असतानाच रेडिएटरचं झाकण उघडून स्टार्ट करा, बुडबुडे थांबतच नसतील तर गॅस पाण्यात येतोय. (गरम असताना झाकणाला हात लावू नका, तोंड भाजेल.)
- मेकॅनिककडून ब्लॉक टेस्ट (कूलंटमध्ये इंजिनचा जळलेला गॅस येतोय का ते बघायची), निळं लिक्विड पिवळं झालं की विषय संपला.

फक्त एक, तिन्हीत काही नाही निघालं तर दोन वेगळे आजार असू शकतात, म्हणजे वॉटर पंप किंवा हीटर कोअर (केबिन हीटरचा छोटा रेडिएटर) गळतोय आणि मिसिंग कॉइलचं, म्हणून टेस्टशिवाय हेड उतरवू देऊ नका. उतरवलंच तर फेसिंग (हेडचा पृष्ठभाग सपाट करणं) आणि क्रॅक चेक लेथवाल्याकडून करूनच बसवा.