दिवस राहिले, मग पुन्हा सुई कशाला?

प्रश्न : आम्ही दोघंही थॅलेसेमिया मायनर, म्हणजे रक्ताच्या या आनुवंशिक आजाराचे नुसते वाहक. मोठा मुलगा मेजर, म्हणजे बाधित; दर तीन आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. दुसऱ्या वेळी आयव्हीएफ करून भ्रूणांची जनुकीय तपासणी केली. 'वाहक, बाधित नाही' असा रिपोर्ट आलेला भ्रूण गर्भाशयात सोडला. आता नववा आठवडा चालू आहे आणि डॉक्टर म्हणतात, वारेचा तुकडा काढून पुन्हा तपासा. मग आधीचे पैसे पाण्यात गेले का?
– एक वाचक, जळगाव

उत्तर : नाही गेले. पण डॉक्टरांचंही बरोबर आहे. मी स्वतः बरीच वर्षं अशा तपासणीसाठी भ्रूणाच्या पेशी काढायचं काम केलं. पाचव्या दिवशी भ्रूणात शे-दीडशे पेशी असतात. त्यातल्या पुढे वार होणाऱ्या भागातून ५-६ लेझरने सोडवायच्या आणि नळीत टाकायच्या. टाकल्यावर डोळ्यांना काही म्हणता काही दिसत नाही. सुरुवातीला मी नळी उजेडात धरून बघत बसायचे, पेशी पडल्या की पिपेटलाच चिकटल्या!

एवढ्याशा डीएनएच्या प्रती काढताना कधी एका पालकाकडून आलेली प्रत वाढतच नाही. तुमचा आणि यजमानांचा जनुकातला बिघाड वेगवेगळा असेल, भ्रूणात दोन्ही असतील आणि तुमचा वाढला नाही, तर रिपोर्टात एकच दिसतो. बाधित भ्रूण वाहक ठरतो. म्हणून त्या जनुकाशेजारच्या, बिघाडासोबतच वारशाने येणाऱ्या खुणाही वाचतात. मोठ्या मुलाचं रक्त घेतलं असेल ते त्यासाठीच. त्यामुळे चूक फार क्वचित होते. पण होते.

आणखी एक, जरा खासगी. भ्रूण सोडला त्या सुमारास तुमचे संबंध आले असतील, तर हा गर्भ नैसर्गिकरीत्या राहिलेलाही असू शकतो. असं घडलेलं आहे. संकोच न करता डॉक्टरांना सांगा.

वारेची तपासणी ११ ते १३ आठवड्यांत होते. गर्भपाताचा थोडा धोका असतो, तो नीट विचारून घ्या. सुईची भीती वाटली तरी नुसत्या सोनोग्राफीवर विसंबू नका, थॅलेसेमिया त्यात कळत नाही. 'वाहक' आलं तर बाळ तुमच्यासारखंच, मायनर.

जाताना दोघांचे म्युटेशनचे, म्हणजे जनुकातल्या बिघाडाचे, रिपोर्ट न्या. तुमचं रक्त पुन्हा मागतील. वारेच्या तुकड्यात तुमच्याच पेशी मिसळल्या नाहीत ना, हे ताडायला ते लागतं. कुरकुर न करता द्या.