क्रिएटिनिन चांगले, मग बायॉप्सी कशासाठी? किडनी प्रत्यारोपणाविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : धाकट्या भावाला दोन वर्षांपूर्वी आईची किडनी बसवली. क्रिएटिनिन १.२ वर स्थिर आहे, तक्रार काही नाही. तरी रक्तात डीएसए सापडले म्हणून डॉक्टर बायॉप्सी सुचवतात. चांगल्या चाललेल्या किडनीला सुई कशाला टोचायची?

उत्तर : क्रिएटिनिन (किडनी रक्तातून गाळून टाकते तो टाकाऊ पदार्थ) उशिरा बोलते. किडनीचा काही भाग निकामी झाला तरी उरलेला भाग जास्त काम करून आकडा सांभाळून नेतो. आकडा वर सरकतो तेव्हा आतला दाह बराच पुढे गेलेला असतो, आणि जिथे एकदा व्रण धरला तो भाग परत मिळत नाही. डीएसए म्हणजे दात्याच्या ऊतींविरुद्ध रुग्णाच्या शरीराने तयार केलेल्या अँटीबॉडी. त्या किडनीतल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या अस्तराला चिकटतात. काहींना त्यांचा वर्षानुवर्षे फारसा त्रास होत नाही, काहींची किडनी मात्र त्यांच्यामुळेच जाते. भाऊ यांपैकी कोणत्या गटात आहे, हे रक्ताच्या अहवालावरून ठरत नाही. डॉक्टरांचा सल्ला आम्हाला योग्य वाटतो.

बसवलेली किडनी ओटीपोटात कातडीच्या जवळ असते, त्यामुळे तिची बायॉप्सी मूळ किडनीच्या बायॉप्सीपेक्षा सोपी. जागा बधिर करून, सोनोग्राफीत पाहत, १६ किंवा १८ गेजच्या सुईने सहसा दोन तुकडे घेतात. ते बाहेरच्या थरातले, म्हणजे कॉर्टेक्सचे हवेत. बॅन्फ निकषांप्रमाणे (प्रत्यारोपित अवयवाची बायॉप्सी वाचण्याचे आंतरराष्ट्रीय निकष) किमान १० ग्लोमेरुलस (रक्त गाळणारे केशवाहिन्यांचे पुंजके) आणि २ धमन्या दिसल्या तर नमुना पुरेसा. सुई खोल जाऊन नुसता आतल्या थराचा, म्हणजे मेड्युलाचाच तुकडा आला, तर ‘रिजेक्शन (शरीराने किडनी नाकारणे) दिसत नाही’ या वाक्यावर विसंबता येत नाही. अहवालात हे दोन आकडे आवर्जून पाहा. सूक्ष्मदर्शकाखाली नलिकांच्या भिंतीत शिरलेल्या पेशी दिसल्या तर हल्ला टी-पेशींचा, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींचा. केशवाहिन्यांत पेशी साचलेल्या आणि सी-४-डी या प्रथिनाचा (अँटीबॉडींच्या हल्ल्याची खूण) रंग उमटलेला दिसला तर अँटीबॉडींचा. कधी दोन्ही एकत्र असतात.

रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती कधी थांबवायची ते आधी विचारा. रक्तदाब आटोक्यात असू द्या. नंतर काही तास पडून राहावे लागते. लघवीत रक्ताच्या गाठी आल्या किंवा लघवी अडली तर लगेच कळवायचे.

आणखी एक गोष्ट. क्रिएटिनिन वाढले म्हणजे रिजेक्शनच, असेही नसते. रिजेक्शन टाळण्याच्या औषधांनी प्रतिकारशक्ती फार दाबली गेली की बीके विषाणू किडनीत डोके वर काढतो. तिथे औषधे कमी करावी लागतात, रिजेक्शनमध्ये वाढवावी लागतात. बायॉप्सीत दोन्हींचे चित्र पुष्कळदा सारखे दिसते, म्हणून विषाणूसाठी वेगळा रंग आणि रक्ताची पीसीआर तपासणी करतात. नुसत्या अंदाजाने रिजेक्शनवरचे स्टिरॉइड टोचणे म्हणूनच धोक्याचे.

प्रश्न : सख्ख्या आईचीच किडनी, तरी शरीर ती परकी का मानते?

उत्तर : सहाव्या गुणसूत्रावरच्या एचएलए जनुकांवरून शरीर आपले-परके ओळखते. त्यांचा एक संच आईकडून येतो, एक वडिलांकडून. त्यामुळे आईशी निम्मेच जुळते. तिच्या दुसऱ्या संचाला मुलाचे शरीर परकेच समजते. सख्ख्या भावंडांत पूर्ण जुळण्याची शक्यता २५ टक्के, निम्मे जुळण्याची ५०, अजिबात न जुळण्याची २५.

रक्त चढवणे, गर्भारपण किंवा आधीचे प्रत्यारोपण यांमुळे एचएलएविरुद्ध अँटीबॉडी आधीच तयार असू शकतात. म्हणून शस्त्रक्रियेआधी क्रॉसमॅच : दात्याच्या लिम्फोसाइट (पांढऱ्या) पेशी आणि रुग्णाचा सीरम (रक्तातला पेशींविना द्रव) एकत्र करून पेशी मरतात का ते पाहणे. पटेल आणि तेरासाकी या संशोधकांनी १९६९ मध्ये दाखवले की, क्रॉसमॅच पॉझिटिव्ह असताना बसवलेल्या ३० पैकी २४ किडन्या लगेच बंद पडल्या. निगेटिव्ह असताना १९५ पैकी ८. त्या एका तपासणीने हा प्रकार जवळजवळ संपवला.

प्रश्न : टॅक्रोलिमसचा (प्रतिकारशक्ती दाबणारी गोळी) डोस तोच आहे, तरी लेव्हल कधी ४ तर कधी ११ येते. गोळी तर चुकत नाही.

उत्तर : पहिला संशय रक्त देण्याच्या वेळेवर घ्या. लेव्हल म्हणजे पुढचा डोस घेण्याआधीची, मागच्या डोसनंतर १२ तासांची पातळी. रात्री ९ ला गोळी घेत असाल तर रक्त सकाळी ९ च्या आसपास, सकाळची गोळी न घेता द्यायचे. सवयीने गोळी घेऊन प्रयोगशाळेत गेलात की आकडा फसवा वाढतो, त्यावरून डोस कमी होतो आणि खरी पातळी तळाला जाते. (दिवसातून एकदाच घ्यायच्या प्रकारात हे अंतर २४ तासांचे.)

दुसरा संशय जेवणावर. अन्नाबरोबर, विशेषतः स्निग्ध जेवणाबरोबर, हे औषध कमी शोषले जाते. एक दिवस उपाशीपोटी, एक दिवस नाश्त्यानंतर असे नको. एकच पद्धत कायम ठेवा. ग्रेपफ्रूट आणि पपनस टाळा.

मग बाकीची औषधे. क्लॅरिथ्रोमायसिन, फ्लुकोनॅझोल, डिल्टियाझेम यांनी लेव्हल चढते. रिफॅम्पिसिन (क्षयावरचे), फेनिटॉइन, कार्बामाझेपिन यांनी ती कोसळते. क्षयाचे उपचार सुरू होताना हे प्रत्यारोपणाच्या डॉक्टरांना कळलेच पाहिजे. त्यात हयगय झाली तर किडनी जाऊ शकते. जुलाबात औषध वाहून जाईल असे वाटते, घडते बरेचदा उलट : आतड्यात औषध मोडणाऱ्या एन्झाइमचे काम मंदावते आणि लेव्हल वाढते. म्हणून दोन दिवसांहून जास्त जुलाब झाले तर लेव्हल करून घ्या. स्वतःहून डोस वाढवू नका. दुकानदाराने परस्पर कंपनी बदलून दिली असेल तर तेही सांगा.

पहिल्या महिन्यांत साधारण ८ ते १२ आणि नंतर ५ ते ८ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर अशी पातळी अनेक केंद्रे ठेवतात. तुमचे लक्ष्य तुमचे डॉक्टर ठरवतील. पण सरासरी बरोबर असून भागत नाही. लेव्हल जितकी हेलकावे खाते तितक्या नव्या अँटीबॉडी आणि किडनी जाण्याचे प्रमाण वाढते, हे अनेक अभ्यासांत दिसले आहे. मागच्या सहा-आठ लेव्हल तारीख-वेळेसह एका कागदावर लिहून डॉक्टरांपुढे ठेवा. सुटा अहवाल पाहून ही चढउतार लक्षात येत नाही.

प्रश्न : सुई न टोचता रिजेक्शन कळण्याची तपासणी आली आहे म्हणे?

उत्तर : आहे. किडनीच्या पेशी मरतात तेव्हा दात्याच्या डीएनएचे तुकडे रुग्णाच्या रक्तात येतात. त्यांचे प्रमाण साधारण १ टक्क्याच्या वर गेले की संशय घेतात. अँटीबॉडीचा हल्ला ती बरा पकडते, टी-पेशींचा सौम्य हल्ला निसटू शकतो. इजा झाली एवढे तिला कळते, ती कशाने झाली हे नाही. बीकेनेही आकडा वाढतो. प्रत्यारोपणानंतर पहिल्या दिवसांत तो तसाही चढलेला असतो. बायॉप्सी कधी करायची हे ठरवायला ती उपयोगी, बायॉप्सीऐवजी नव्हे.

प्रश्न : रिजेक्शन झालेच तर उपाय काय? नवे काही?

उत्तर : टी-पेशींचे असेल तर बहुधा मिथाइलप्रेडनिसोलोन, रोज ५०० मिलिग्रॅमच्या आसपास, तीन दिवस शिरेतून. त्याला दाद न दिल्यास किंवा हल्ला तीव्र असल्यास एटीजी (टी-पेशी नष्ट करणारे इंजेक्शन). हा प्रकार बहुतेक वेळा आटोक्यात येतो. खरी अडचण जुनाट अँटीबॉडी-रिजेक्शनची. प्लाझ्मा बदलणे, आयव्हीआयजी (निरोगी लोकांच्या रक्तातल्या अँटीबॉडी शिरेतून देणे), रिटुक्सिमॅब (बी-पेशी नष्ट करणारे औषध) हे सगळे वापरतात, पण तिथे भक्कम पुरावा कशाचाच नव्हता. म्हणून २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेली फेल्झार्टामॅबची चाचणी आम्हाला महत्त्वाची वाटते. अँटीबॉडी बनवणाऱ्या प्लाझ्मा पेशी आणि हल्ला करणाऱ्या एनके (नॅचरल किलर) पेशी यांच्यावरच्या सीडी-३८ या प्रथिनाला हे औषध लक्ष्य करते. सहा महिन्यांच्या बायॉप्सीत औषध घेतलेल्या ११ पैकी ९ जणांचे रिजेक्शन मावळलेले दिसले, औषधाविना तपासलेल्या १० पैकी २ जणांचे. औषध थांबल्यावर त्या ९ पैकी ३ जणांत ते परतले. रुग्ण एकूण २२, म्हणजे आशा धरावी, पण नेहमीच्या उपचारात आणण्याआधी मोठी चाचणी हवीच.

प्रश्न : गोळ्या कधी तरी बंद होतील का?

उत्तर : स्वतःहून, कधीही नाही. बोस्टनमध्ये दात्याची किडनी आणि अस्थिमज्जा एकत्र देऊन काही रुग्णांच्या गोळ्या थांबवता आल्या; २००८ च्या अहवालात पाच जणांपैकी चौघांच्या. पण त्यासाठी आधी रुग्णाची स्वतःची मज्जा औषधे आणि किरणांनी दाबावी लागते, आणि हे सारे प्रत्यारोपणाच्या वेळीच ठरवून करायचे असते. यकृत-प्रत्यारोपणाच्या काही निवडक रुग्णांत डॉक्टरांच्या देखरेखीखाली गोळ्या हळूहळू उतरवता येतात. किडनीच्या बाबतीत ते गृहीत धरू नका. एखादा डोस विसरलात आणि लवकर आठवले तर घ्या. पुढच्या डोसची वेळ जवळ आली असेल तर दुप्पट घेऊ नका, केंद्राला फोन करून विचारा आणि पुढच्या भेटीत ती तारीख सांगा.