एक्सेलमधल्या तारखा डेटाबेसमध्ये का बिघडतात?

प्रश्न : आमच्या वाचनालयाची सभासदयादी मी एक्सेलमधून मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये भरते आहे. मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं येतात आणि तारखांवर ‘इनकरेक्ट डेट व्हॅल्यू’ अशी एरर येते. काय करू?
— एक ग्रंथपाल, नौपाडा, ठाणे

उत्तर : ताई, नावांचं सोपं आहे. फाइल साध्या सीएसव्हीऐवजी ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ प्रकारात सेव्ह करा, डेटाबेसमधल्या टेबलाचा कॅरेक्टर सेट (अक्षरं साठवण्याची पद्धत) यूटीएफ८एमबी४ ठेवा. प्रश्नचिन्हं झालेल्या फाइलमधून अक्षरं परत मिळत नाहीत, ती टाकून द्या.

तारखांना मात्र वेळ द्या. मायएसक्यूएलला वर्ष-महिना-दिवस हा क्रम लागतो, तोच एक्सेलमध्ये कस्टम फॉरमॅटने द्या. पण त्याआधी तारखा रकान्यात कुठल्या बाजूला आहेत ते पाहा. कॉम्प्युटरची रीजन सेटिंग अमेरिकन असेल तर १३/०४/२०२४ ही एक्सेलला तारीख वाटतच नाही. ती मजकूर म्हणून डावीकडे राहते. तिच्यावर एरर येते, म्हणजे निदान ती सापडते. ५ एप्रिलची ०५/०४/२०२४ मात्र मुकाट्याने ४ मे होऊन उजवीकडे सरकते आणि डेटाबेस ती बिनतक्रार घेतो. मला खरी धास्ती याच नोंदींची वाटते, कारण एखाद्या सभासदाची वर्गणी विनाकारण थकीत दिसू लागते. उजवीकडे सरकलेली प्रत्येक तारीख कागदी रजिस्टरशी ताडून बघा, कंटाळा करू नका. डावीकडच्या तारखा ‘टेक्स्ट टू कॉलम्स’मध्ये ‘डीएमवाय’ (दिवस-महिना-वर्ष) निवडलं की सुधारतात.

पुढे पुस्तकांची यादी घ्याल तेव्हा आयएसबीएनचा, म्हणजे पुस्तकाच्या ओळख क्रमांकाचा, रकाना आकडे भरण्याआधीच ‘टेक्स्ट’ करून ठेवा, म्हणजे एक्सेल ते आकडेही बदलणार नाही.